हिरव्या तिकिटांचा हिशेब : सवलतीच्या मागे धावणे परवडते का?

१/ १९६० च्या दशकात अमेरिकेतील एखाद्या मध्यमवर्गीय घरातल्या स्वयंपाकघराचा खण उघडला, तर चमचे-सुऱ्यांच्या शेजारी हिरव्या रंगाची, मागे डिंक लावलेली छोटी तिकिटे सापडण्याची दाट शक्यता असे. ती टपालाची नव्हती, किराणा दुकानातून मिळालेली होती. ती ओली करून पुस्तिकेत चिकटवायची, पुस्तिका भरल्या की त्यांच्या बदल्यात टोस्टर, दिवा किंवा चादर आणायची, हा लाखो कुटुंबांचा नित्यक्रम होता.

२/ सवलतीच्या मागे घालवलेला वेळ वसूल होतो का? कूपन आणि कॅशबॅकच्या काळात हा प्रश्न नवा वाटतो. परंतु या प्रश्नाचा एक प्रचंड प्रयोग हिरव्या तिकिटांच्या रूपाने पूर्वीच होऊन गेला आहे. त्याचे महत्त्वाचे आकडे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात नोंदलेले आहेत. त्यामुळे हा हिशेब केवळ तर्कावर सोडावा लागत नाही.

३/ १८९६ मध्ये टॉमस स्पेरी आणि शेली हचिन्सन या दोघांनी ‘स्पेरी अँड हचिन्सन’ ही कंपनी स्थापन केली. लोक तिला ‘एस अँड एच’ म्हणत. ही कंपनी दुकानदारांना तिकिटे विकत असे आणि दुकानदार ती गिऱ्हाइकांना वाटत. मूळ कल्पना रोखीने पैसे देणाऱ्याला बक्षीस देण्याची होती. ज्या काळात उधारीची वही हाच किरकोळ व्यापाराचा कणा होता, त्या काळात दुकानदाराला रोख रक्कम मोलाची वाटणे स्वाभाविक होते.

४/ आता हिशेब पाहू. दहा सेंटच्या खरेदीवर एक तिकीट मिळे. एका पुस्तिकेत १,२०० तिकिटे मावत. म्हणजे पुस्तिका भरण्यासाठी १२० डॉलरची खरेदी आवश्यक होती. भरलेल्या पुस्तिकेच्या बदल्यात साधारणपणे २.८६ ते ३.३१ डॉलर किमतीची वस्तू मिळे. म्हणजे एवढ्या खटाटोपानंतर पदरात पडणारी सवलत अडीच टक्क्यांच्या आसपास होती.

५/ याच १,२०० तिकिटांसाठी दुकानदार कंपनीला सुमारे अडीच डॉलर मोजत असे. मग अडीच डॉलर घेऊन तीन डॉलरची वस्तू देणे कंपनीला कसे परवडे? वस्तूची किंमत किरकोळ बाजारभावाने धरली जाई, तर कंपनी ती घाऊक भावाने विकत घेई. शिवाय सगळी तिकिटे परत येत नसत. कंपनीने वाटलेल्या तिकिटांची संख्या एक लाख कोटींवर गेली होती आणि त्यांपैकी ८६ टक्के वटवली गेली. उरलेली खणात, कोटाच्या खिशात किंवा कचऱ्यात विसावली.

६/ वेळेचे काय? १९६४ मध्ये अमेरिकेतील संघीय किमान वेतन तासाला १.२५ डॉलर होते. तीन डॉलरची वस्तू म्हणजे या दराने दोन तास चोवीस मिनिटांचे काम. तिकिटे मोजणे, चिकटवणे, ती देणारे दुकान शोधून तेथेच जाणे, कॅटलॉग चाळणे, शेवटी वस्तू आणायला केंद्रावर फेरी मारणे, या सगळ्याला एका पुस्तिकेमागे याहून अधिक वेळ लागला, तर ते काम किमान वेतनाहूनही स्वस्तात केल्यासारखे होते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होण्यास फार अवकाश नव्हता.

७/ तरीही तिकिटे जमवणाऱ्यांना भोळे ठरवणे अन्यायाचे होईल. घरखर्चाच्या पैशांतून स्वतःसाठी काही घेणे अनेक गृहिणींना अवघड होते. विवाहित स्त्रीला पतीच्या सहीशिवाय उधार खाते उघडण्यात अडचणी येत. पतसुविधा देताना लिंग आणि वैवाहिक स्थितीवरून भेदभाव करण्यास मनाई करणारा संघीय कायदा १९७४ मध्ये आला. अशा काळात भरलेली पुस्तिका ही कोणालाही हिशेब न देता खर्चता येणारी पुंजी होती. शाळा आणि चर्च यांच्या मंडळींनी तिकिटे एकत्र करून बसगाड्यांसारख्या मोठ्या वस्तूही मिळवल्या. तिकिटाची किंमत केवळ सेंटमध्ये मोजणे म्हणूनच अपुरे ठरते.

८/ या व्यवसायाला खरी भरती आली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. १९५१ मध्ये डेन्व्हर येथील ‘किंग सूपर्स’ या सुपरमार्केट साखळीने हिरवी तिकिटे देण्यास आरंभ केला. पाहता पाहता इतर साखळ्याही या वाटेने गेल्या. १९६४ मध्ये सर्व कंपन्यांची मिळून ४०,००० कोटी तिकिटे दोन लाखांहून अधिक दुकानांतून वाटली गेली. या दुकानांतील संबंधित विक्री सुमारे ४,००० कोटी डॉलरची होती आणि साठ टक्क्यांहून अधिक अमेरिकी ग्राहक या व्यवहारात गुंतलेले होते. एकट्या एस अँड एचकडे या धंद्याचा सुमारे चाळीस टक्के वाटा आणि देशभर ८५० विनिमय केंद्रे होती.

९/ परंतु भरतीतच ओहोटीचे कारण दडलेले होते. गावातील एकच दुकान तिकिटे देते, तेव्हा शेजारच्या दुकानाचे गिऱ्हाईक त्याच्याकडे वळते आणि वाढलेल्या विक्रीतून तिकिटांचा खर्च निघतो. शेजारीही तिकिटे देऊ लागला की गिऱ्हाईक पुन्हा विभागले जाते, खर्च मात्र दोघांच्याही माथी कायम राहतो. किराणा व्यवसायात निव्वळ नफा आधीच अत्यंत तुटपुंजा. विक्रीच्या दोन टक्क्यांहून थोडा अधिक असलेला हा नवा बोजा दुकानदार फार काळ स्वतःच्या खिशातून सोसणे कठीण होते. तो हळूहळू मालाच्या किमतीत उतरण्याची शक्यताच अधिक होती.

१०/ येथे सवलतीचा अर्थच पालटतो. खर्च किमतीत उतरला की तिकीट म्हणजे ग्राहकाने आधीच भरलेल्या पैशांची पावती ठरते. जो नेमाने पुस्तिका भरतो, त्याला स्वतःचे पैसे वस्तुरूपाने परत मिळतात. ज्याला सवड नाही, जो तिकिटे विसरतो, तो मात्र दुसऱ्याच्या टोस्टरसाठी दोन पैसे अधिक मोजतो. आणि आता न चिकटवणे हेच नुकसानीचे असल्यामुळे, वेळ नसलेल्यालाही वेळ काढणे भाग पडते.

११/ ग्राहकाचा हा वेळ आणि हे लक्ष कंपनीला किती महत्त्वाचे वाटे, याचा पुरावा पुस्तिकेच्या आतल्या मजकुरात होता. तिकिटांची मालकी कंपनीकडेच राहते. ती पुस्तिकेत चिकटवून आमच्याकडे वटवणे एवढाच ग्राहकाचा हक्क आहे. आमच्या लेखी संमतीवाचून ती दुसऱ्याला देता येणार नाहीत, असा त्याचा आशय होता. पैशांनी मिळालेली वस्तू ग्राहकाची नाही, तिच्यावर श्रम करण्याचा अधिकार मात्र त्याचा, अशी ही विलक्षण अट होती.

१२/ तिची कसोटी लवकरच लागली. अनेक कंपन्यांची तिकिटे बाजारात आल्यामुळे घरोघरी अर्धवट पुस्तिका पडून राहू लागल्या. काही व्यावसायिकांनी सोय काढली : अल्प शुल्क घ्यायचे आणि एका कंपनीची तिकिटे दुसऱ्या कंपनीच्या तिकिटांशी बदलून द्यायची. ग्राहकाची ओढाताण यामुळे वाचत होती. पण कोणतेही दुकान चालेल असे झाले, तर विशिष्ट दुकानाकडे ओढून आणण्याची तिकिटाची शक्तीच संपते. १९५७ ते १९६५ या काळात एस अँड एचने अशा व्यवहारांविरुद्ध ४३ मनाई हुकूमांसाठी न्यायालयांत धाव घेतली आणि १४० व्यावसायिकांना कायदेशीर कारवाईच्या धमकीची पत्रे धाडली.

१३/ संघीय व्यापार आयोगाने यात हस्तक्षेप केला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग झाला नसला, तरी ग्राहकांवर अन्याय करणाऱ्या प्रथा रोखण्याचा अधिकार आयोगाला आहे, असे न्यायालयाने १९७२ मध्ये स्पष्ट केले. या विशिष्ट प्रकरणातील आयोगाचा आदेश मात्र त्या आधारावर मांडलेला नव्हता, म्हणून तो फेरविचारासाठी परत गेला. आजच्या संपूर्ण लेखात ज्या आकड्यांचा आधार घेतला आहे, त्यांपैकी बहुतेक याच खटल्यामुळे नोंदले गेले.

१४/ सामान्य ग्राहकांनी मात्र न्यायालयाची वाट पाहिली नव्हती. ऑक्टोबर १९६६ मध्ये महागाईने त्रासलेल्या गृहिणींनी सुपरमार्केटांवर बहिष्कार पुकारला. आंदोलनाचा भडका उडाला तो डेन्व्हरमध्ये, ज्या शहरात पंधरा वर्षांपूर्वी सुपरमार्केटने तिकिटे वाटण्यास प्रारंभ केला होता, त्याच शहरात. तेथून ते देशातील इतर अनेक शहरांत पसरले. तिकिटे आणि बक्षिसांचे खेळ बंद करा, तो पैसा किमती उतरवण्यासाठी वापरा, ही त्यांची एक ठळक मागणी होती.

१५/ या मागणीचे महत्त्व वेगळे आहे. विनिमय केंद्राच्या कॅटलॉगात वस्तूंचे मोल डॉलरमध्ये छापलेले नसे. अमुक दिव्याला इतक्या पुस्तिका, अमुक घड्याळाला तितक्या, अशी ती भाषा होती. या भाषेत दुधाचा आणि पावाचा भाव दिसेनासा होई. डेन्व्हरच्या स्त्रियांनी पुस्तिकांची भाषा सोडून पुन्हा डॉलरच्या भाषेत प्रश्न विचारला.

१६/ त्यानंतर अनेक दुकानांनी तिकिटे थांबवून ‘कमी भाव’ हीच जाहिरात केली. १९७३ च्या तेलसंकटात पेट्रोल पंपांनीही तिकिटांकडे पाठ फिरवली. रांगा लावून उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला आमिष दाखवण्याची गरजच उरली नव्हती. तिकिटांचे साम्राज्य पुढील काही वर्षांत ओसरत गेले.

१७/ मग सवलतीच्या मागे धावणे परवडते का? हिरव्या तिकिटांचा इतिहास दोन वेगवेगळी उत्तरे देतो. एखादेच दुकान सूट देत असेल आणि हवी असलेलीच वस्तू घ्यायची असेल, तर थोडा वेळ खर्चणे शहाणपणाचे. सर्वच दुकाने सूट देऊ लागली की तिचा खर्च किमतीत मिसळतो आणि धावणारा केवळ मागे न पडण्यासाठी धावत राहतो. आपण यांपैकी कोणत्या परिस्थितीत आहोत, हे पुस्तिका किती भरली ते पाहून कळत नाही. त्यासाठी सूट नसताना त्या वस्तूचा भाव काय असता, हे विचारावे लागते. (समाप्त)