सीएसएस ग्रेडियंट आणि न्याहाळकांमधील सुसंगतता

सीएसएस ग्रेडियंट म्हणजे कॅस्केडिंग स्टाइल शीट्स (सीएसएस) या भाषेच्या साहाय्याने संकेतस्थळाच्या एखाद्या भागाला दिलेली, एका रंगातून दुसऱ्या रंगात क्रमाक्रमाने बदलत जाणारी पार्श्वभूमी होय. ही पार्श्वभूमी न्याहाळक (ब्राउझर) स्वतः रेखाटतो. त्यामुळे वेगळी चित्रफाइल उतरवून घ्यावी लागत नाही. मात्र न्याहाळकाला आज्ञा समजली नाही, तर पार्श्वभूमी उमटत नाही आणि गडद रंगावर वाचण्यासाठी योजलेली पांढरी अक्षरे कोऱ्या पानावर दिसेनाशी होतात.

इतिहास

वेबकिट या प्रणालीने 2008 मध्ये ग्रेडियंटची पहिली आज्ञा आणली. जानेवारी 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या फायरफॉक्स 3.6 ने अधिक सोपी, पण वेगळी रचना स्वीकारली. 2011 मध्ये वेबकिटनेही तिच्याशी मिळतीजुळती रचना घेतली. प्रमाणीकरण पूर्ण झालेले नसल्याने प्रत्येक न्याहाळक आज्ञेपूर्वी स्वतःचा उपसर्ग लावत असे. इंटरनेट एक्सप्लोररच्या नवव्या आवृत्तीपर्यंत ग्रेडियंटची सोय नव्हती. तेथे मायक्रोसॉफ्टचे ‘फिल्टर’ वापरावे लागे व त्यात केवळ दोन रंग, आडवे किंवा उभे, देता येत. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमचा मसुदा एप्रिल 2012 मध्ये स्थिरावल्यानंतर फायरफॉक्स 16 (2012) आणि क्रोम 26 (2013) यांनी उपसर्गाविना आज्ञा स्वीकारली.

दिशेतील फरक

केवळ उपसर्ग काढून टाकल्याने जुनी आज्ञा प्रमाण होत नाही. उपसर्गयुक्त रचनेत ‘वर’ हा शब्द रंग कोठून सुरू होतो हे सांगतो. प्रमाण रचनेत ‘खालच्या दिशेने’ असे, म्हणजे रंग कोठे जातो हे लिहितात. कोनांचेही तसेच आहे. जुन्या रचनेत 0 अंश म्हणजे उजवी दिशा असून कोन घड्याळाच्या उलट दिशेने वाढतो. प्रमाण रचनेत 0 अंश म्हणजे वरची दिशा असून कोन घड्याळाच्या दिशेने वाढतो. म्हणून 90 मधून जुना कोन वजा केल्यास नवा कोन मिळतो. 45 अंश दोन्ही रचनांत सारखाच राहतो. त्यामुळे त्या कोनावर केलेल्या चाचणीत ही चूक लक्षात येत नाही.

पारदर्शक रंग

सीएसएसमध्ये ‘पारदर्शक’ या शब्दाचा अर्थ पूर्णतः पारदर्शक काळा असा आहे. सफारीच्या जुन्या आवृत्त्यांत रंगापासून पारदर्शकतेकडे जाताना मध्ये करडी छटा उमटते. त्याच रंगाची शून्य अपारदर्शकता असलेली छटा लिहिल्यास हा दोष टळतो.

उपाय

न समजलेली आज्ञा न्याहाळक सोडून देतो आणि समजलेल्या आज्ञांपैकी शेवटची लागू करतो. या नियमानुसार पुढील क्रम पाळला जातो :

1. प्रथम मजकुराशी पुरेसा विरोध असलेला एकरंगी पार्श्वरंग.
2. त्यानंतर, आवश्यक असल्यास, उपसर्गयुक्त आज्ञा.
3. सर्वांत शेवटी उपसर्गाविना प्रमाण आज्ञा.

उपसर्गयुक्त आज्ञा ऑटोप्रिफिक्सरसारख्या साधनाने आपोआप जोडता येतात. सामान्य आकाराचा मजकूर आणि पार्श्वभूमी यांत किमान 4.5 : 1 इतका विरोध असावा, असे वेब सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत नमूद आहे. ग्रेडियंटच्या बाबतीत हे प्रमाण अक्षरांमागील प्रत्येक छटेला आणि एकरंगी पार्श्वरंगालाही लागू पडते.

सद्यस्थिती

आजच्या प्रमुख न्याहाळकांत सरळ आणि वर्तुळाकार ग्रेडियंट उपसर्गाविना चालतात. शंकूसदृश ग्रेडियंट मात्र क्रोममध्ये 2018, सफारीमध्ये 2019 आणि फायरफॉक्समध्ये 2020 साली आले. त्यामुळे जुन्या आवृत्त्यांसाठी एकरंगी पार्श्वरंगाची तरतूद अद्याप उपयुक्त ठरते.