नवापूरच्या विषाणूची वंशावळ

भारतातील पाळीव कोंबड्यांत एच५एन१ विषाणूचा प्रवेश प्रथम अधिकृतपणे नोंदला गेला, तो १८ फेब्रुवारी २००६ रोजी, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे. कोंबड्यांचे मृत्यूसत्र त्यापूर्वीच सुरू झाले होते. परंतु आरंभी संशय गेला तो परिचित राणीखेत रोगावर. भोपाळच्या प्रयोगशाळेने निदान केले, लक्षावधी कोंबड्या मारून पुरल्या गेल्या, आणि सरकारी दप्तरापुरती ही कथा संपली.

विषाणूचे दप्तर मात्र निराळे आहे. १९९६ साली चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातील एका हंसात या कुळाचा ज्ञात पूर्वज आढळला. २००५ साली चिंघाई सरोवरावर हजारो वन्य पक्षी मेले, तेथील '२.२' ही शाखा पश्चिमेकडे पसरली. नवापूरचा विषाणू याच शाखेचा होय. त्याचे निकटचे आप्त निघाले ते इराण व इटली येथील राजहंसांत!

वन्य बदकांतील एच५ विषाणू बहुधा सौम्य असतो. त्याच्या पृष्ठावरील हीमॅग्लुटिनिन हे प्रथिन छेदले गेल्यावाचून त्यास पेशीत शिरता येत नाही, आणि तो छेद श्वसनमार्ग व आतडे यांतील विकरच देतात. कोंबड्यांच्या दाटीत फिरताना छेदस्थानी अर्जिनीन व लायसीन यांची रांग साचली, की देहातील बहुतेक पेशींचे विकर ते काम करतात. मग सारे शरीरच रोगाचे क्षेत्र बनते.

पोथ्यांच्या पाठभेदांवरून त्यांची कुळे लावणाऱ्यास ही रीत ओळखीची वाटेल. समान चुका समान पूर्वज दर्शवितात. परंतु या विषाणूच्या पोथीला आठ सुटी पाने आहेत. एकाच पेशीत दोन विषाणू भेटल्यास पानांची अदलाबदल होते, आणि प्रत्येक पानाची वंशावळ वेगळी मांडावी लागते.

सान्निध्य म्हणजे नाते नव्हे, हे मणिपूरने दाखविले. २००७ सालचा तेथील विषाणू २.२ शाखेचाच, तरीही पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या विश्लेषणात तो नवापूरचा वंशज ठरला नाही, त्याचा प्रवेश स्वतंत्र होता. २०११ पासून तर भारतात '२.३.२.१' ही दुसरीच शाखा आढळू लागली. जऊळका ज्या वाशिम जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील कारंजा तालुक्यात, खेर्डा येथे, फेब्रुवारी २०२५ मध्ये सहा हजारांवर कोंबड्या मेल्या. नवापूर व खेर्डा ही नावे वृत्तपत्रे एका ओळीत लिहितील. जनुकक्रम वाचल्यावाचून इतिहासकाराला तसे लिहिता येणार नाही.