जीपची क्लच प्लेट आणि तिची धूळ

धागा 🧵

जीपचा इतिहास लिहिणारे बहुधा युद्धापाशी सुरुवात करतात आणि विजयापाशी थांबतात. आजचा विषय त्या मानाने क्षुल्लक वाटेल: जीपची झिजलेली क्लच प्लेट. ती बदलणाऱ्या माणसाची नोंद इतिहासाने का ठेवली नाही, हा माझा प्रश्न आहे.

आमच्या कवठे येमाईच्या, एकूणच शिरूर तालुक्याच्या बाजूला एस.टी. गेली की वडापची जीप, हे गणित एका पिढीने पाठ केले होते. दहा माणसांच्या जागी पंधरा, टपावर पोती, आणि चढावर चालकाचा डावा पाय क्लचवर अर्धवट दाबलेला. इंजिन गर्जते, गाडी मात्र पुढे सरकत नाही, आणि पाठोपाठ जळका वास येतो. ‘प्लेट गेली’ हे निदान मग गाडीतले प्रवासीसुद्धा करीत.

क्लच म्हणजे नेमके काय? इंजिनासोबत सतत फिरणारे जड चाक म्हणजे फ्लायव्हील. त्याच्या आणि स्प्रिंगांनी दाबलेल्या प्रेशर प्लेटच्या मध्ये एक पातळ तबकडी असते. तिच्या दोन्ही अंगांना खरबरीत अस्तर रिव्हेटने ठोकलेले असते. पेडल सोडले की तबकडी चिमटीत धरली जाते आणि इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे जाते. दाबले की सुटते. हे अस्तर झिजण्यासाठीच घडवलेले असते, कारण ते झिजले नाही तर फ्लायव्हील झिजेल. अस्तर संपूनही गाडी हाकली, तर रिव्हेटची डोकी फ्लायव्हीलवर चरे पाडतात आणि शेकड्यांचे काम हजारांवर जाते.

या अस्तराचा वंशवृक्ष रंजक आहे. आरंभीच्या मोटारींत शंकूच्या आकाराचा क्लच असे आणि त्यावर चक्क चामडे चढवलेले असे. ते कडक झाले की एरंडेल चोळायचे, निसटू लागले की मुलतानी माती भुरभुरायची. पुढे इंग्लंडमधील डर्बीशायरच्या हर्बर्ट फ्रूड याने १८९७ पासून घर्षणाच्या साहित्यावर प्रयोग आरंभले. उतारावर गाडीवान ब्रेकच्या ठोकळ्याला जुना बूट बांधतात, हे पाहून त्याला कल्पना सुचली असे सांगतात. स्वतःच्या आडनावाची अक्षरे फिरवून, पत्नी एलिझाबेथचे आद्याक्षर मिसळून त्याने ‘फेरोडो’ हे नाव बनवले. प्रारंभी कापूस, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात अ‍ॅस्बेस्टॉस. ते जळत नाही, विणता येते, स्वस्त पडते. त्याहून सोयीचे काय असणार?

आता काही तारखा शेजारी शेजारी ठेवू. १९२४ साली लँकेशायरच्या रॉचडेल येथील अ‍ॅस्बेस्टॉस गिरणीतील कामगार नेली केर्शॉ फुप्फुसे निकामी होऊन मरण पावली आणि तिच्या शवविच्छेदनाचा वृत्तांत वैद्यकीय नियतकालिकात छापला गेला. १९३० साली मेरवेदर आणि प्राइस यांचा सरकारी अहवाल आला, १९३१ साली ब्रिटनने अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीवर नियम केले. विलीज कंपनीची युद्धजीप कारखान्यातून बाहेर पडू लागली ती १९४१ साली. म्हणजे जीप जन्मली तेव्हा ही धूळ माणसाला मारते, हे दहा वर्षे छापील होते. ‘त्या काळी कुणाला ठाऊक नव्हते’ हे समर्थन म्हणूनच मला पटत नाही.

महायुद्धात विलीज आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपा बनवल्या. आपल्याकडे २ ऑक्टोबर १९४५ रोजी ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही कंपनी स्थापन झाली. भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले (आणि पुढे गव्हर्नर-जनरलही!), तेव्हा १९४८ साली कंपनीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले. माझगावात आयात सुट्या भागांतून जीपा जोडल्या जाऊ लागल्या. नंतर त्या इथेच बनू लागल्या आणि गावोगाव पोचल्या.

जीपची प्लेट बदलणे हे अंगमेहनतीचे काम. दोन्ही प्रोपेलर शाफ्ट सोडायचे, इंजिनाखाली टेकू द्यायचा, गिअरबॉक्स आणि त्याला जोडलेला ट्रान्सफर केस मागे ओढून खाली घ्यायचा. चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत हा गठ्ठा भलताच जड होतो. मग प्रेशर प्लेटचे बोल्ट एकाआड एक, थोडे थोडे ढिले करायचे, नाहीतर ती वाकते. नवी प्लेट मध्यावर बसवण्यासाठी जुन्या गिअरबॉक्सचा शाफ्ट घालून पाहण्याची युक्ती सर्रास चाले. शेवटी पेडलला थोडी मोकळी चाल ठेवायची. ती नसेल तर नवी प्लेटही लवकरच जळते. ही कामे अमेरिकन लष्कराच्या १९४४ च्या दुरुस्ती-पुस्तिकेत, टीएम ९-८०३ मध्ये, चित्रांसह दिलेली आहेत. आपल्या मेकॅनिकांनी मात्र ती उस्तादाच्या हाताखाली, पाने पुढे करता करता आत्मसात केली.

पण बेल हाउसिंग उघडताच आत काळी-करडी भुकटी असते. ती कशी काढायची? फुंकर मारून, अथवा कॉम्प्रेसरच्या हवेने. घर्षणाच्या उष्णतेने अ‍ॅस्बेस्टॉसचा बराच अंश निरुपद्रवी होतो, हे खरे. सगळा होत नाही. शिवाय जुन्या प्लेटवर नवे अस्तर ठोकून ते कानशीने घासताना उडणारी धूळ कोरी, न जळलेली असे.

कारखान्यांबाबत थोडे तरी घडले. २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांचे आरोग्य हा अनुच्छेद २१ खालील हक्क मानला आणि प्रत्येक कामगाराची आरोग्य-नोंद किमान ४० वर्षे जपण्याचा आदेश दिला. २००५ साली मुंबईतील एका अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्यातील १८१ कामगारांच्या तपासणीचा अभ्यास प्रसिद्ध झाला; पाचांतल्या एकाहून अधिकांना अ‍ॅस्बेस्टोसिस आढळला. हा आकडा मिळाला कारण तिथे हजेरीपट होता. रस्त्याकडेच्या गॅरेजात हजेरीपट कुठला? विकार उमटायला वीसेक वर्षे लागतात, तोवर पोऱ्याचा मिस्त्री झालेला असतो आणि खोकल्याचे खापर बिडीवर फुटते.

आज बाजारात अ‍ॅस्बेस्टॉसविरहित प्लेटा मिळतात. भारतात पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसवर सरसकट बंदी मात्र अजून नाही. तुमच्यापैकी कुणी हौसेने जुनी जीप उभी करीत असेल, तर बेल हाउसिंगमध्ये हवा मारू नका. ओल्या फडक्याने पुसा, फडके पिशवीत बांधून टाका.

आणि एक मागणे. शिरूर, मलठण, कवठे, रांजणगाव या पट्ट्यातील जुन्या गॅरेजांची बिलबुके, अस्तरांची रिकामी खोकी, कामावरच्या पोऱ्यांची छायाचित्रे कुणाकडे असतील, तर कृपया संदेश पाठवा. व्यक्तींची नावे झाकून चालेल. साल मात्र वाचता यावे.