वस्तादाची विद्या आणि छापील पुस्तक

आपल्या देशात व्यायाम जितका जुना, तितके व्यायामाचे पुस्तक जुने नाही. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात मल्लांचे वर्णन आहे खरे. परंतु तो ग्रंथ राजाने राजांकरिता लिहिलेला. मल्ल कसे पोसावेत आणि त्यांच्या कुस्त्यांचा विनोद कसा भोगावा, हे त्यातून कळते. एखाद्या कारकुनाने वा शाळामास्तराने सकाळी उठून कोणता व्यायाम करावा, हा प्रश्न त्या काळी कोणास पडला नसावा.

ज्यांना ही विद्या अवगत होती, त्यांनी ती लिहिली नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबास नवजीवन दिले. पण त्यांची विद्या चालली ती शिष्यपरंपरेने. १८१८ नंतर पेशवे आमच्या या प्रदेशात ब्रह्मावर्तास येऊन राहिले, आणि मराठी तालमीचे वळण गंगाकाठीही पोचले. तेही माणसांबरोबर, पोथीबरोबर नव्हे. वस्ताद एखादा डाव हातचा राखून ठेवतो, असे आपण सहज म्हणतो. त्यात थट्टेपेक्षा सत्य अधिक आहे. डाव हीच ज्याची मिळकत, त्याने तो छापून चार आण्यांस का विकावा? शिवाय लाल मातीत उतरलेला शिष्य वस्तादाच्या डोळ्यांसमोर असे. त्याची चूक शब्दाने सुधारण्याचे कारणच नव्हते, खांद्यावर थाप मारली की पुरे. १९१० साली लंडनमध्ये बलाढ्य झ्बिस्कोला तासन् तास जखडून ठेवणारा गामा पहिलवान जगप्रसिद्ध झाला; परंतु सामान्य वाचकाने हाती धरावे असे त्याचे पुस्तक नाही. असते तरी त्याचा खुराक कोणत्या गृहस्थाला परवडला असता?

पुस्तकाची कल्पना आली ती पश्चिमेकडून, आणि ती आणणारा मनुष्य पक्का धंदेवाईक होता. युजेन सँडो हा प्रशियातील कोनिग्जबर्गचा. सर्कशीत व रंगभूमीवर शक्तीचे प्रयोग करून तो पोट भरीत असे. १८८९ साली लंडनमध्ये सॅमसन नावाच्या शक्तिवीराला हरवून तो पुढे आला, आणि १८९७ साली ‘स्ट्रेंग्थ अँड हाऊ टु ऑब्टेन इट’ हे त्याचे पुस्तक निघाले. या पुस्तकाची युक्ती अशी, की वस्तादाची जागा त्याने छायाचित्रांना आणि आकड्यांना दिली. कोणता व्यायाम कितीदा करावयाचा, हे कोष्टकात. आणि दंड, छाती, मांडी यांची मापे फितीने घेऊन ती वाढतात की नाही, हे वाचकाने स्वतःच पाहावयाचे. गुरूची नजर गेली आणि तिच्या जागी मोजपट्टी आली. व्यायामाच्या इतिहासातील हा पालट मला फार मोठा वाटतो.

मात्र त्यात एक खोटही होती. सँडोचे स्वतःचे शरीर कमावले गेले होते ते वर्षानुवर्षे अवजड वजने उचलून. वाचकास मात्र तो हलक्या डंबेल्सचा उपदेश करी. पुस्तक वाचून मनुष्य त्याची साधने विकत घेई, साधने घेतली की त्याचे मासिक घेई, आणि मासिकात पुन्हा साधनांची जाहिरात असे. लेखकाने स्वतः जे केले ते न सांगता गिऱ्हाइकास जे झेपेल ते सांगणे, ही या वाङ्मयाची जन्मखूण आहे. ती अगदीच निंद्य नव्हे. झेपेल तेच सांगितले म्हणून तर लाखो लोक हातपाय हलवू लागले. पण छायाचित्र एका व्यायामाचे आणि कोष्टक दुसऱ्याच, हा घोटाळा आजच्या नामांकित खेळाडूंच्या पुस्तकांतही वाचकास आढळेल. १९०४–०५ मध्ये सँडो हिंदुस्थानात आला आणि त्याचे प्रयोग पाहण्यास लोक लोटले. आपल्या घरोघरीच्या बिनबाह्यांच्या बनियनला त्याचे नाव अजून चिकटून आहे. एवढी अमरता थोड्याच ग्रंथकारांना लाभते!

त्याच सुमारास, १९०४ साली, डेन्मार्कमधील म्यूलर या खेळाडूने आपली पद्धत प्रसिद्ध केली. दिवसाला पंधरा मिनिटे, बिनसाधनांचा व्यायाम, वर स्नान व घर्षण. युरोपच्या अनेक भाषांत ती गेली. पंधरा मिनिटांचा हा हिशेब कचेरीत जाणाऱ्या माणसासाठीच बसविलेला होता, हे उघड आहे.

आता मराठी मुलखाकडे वळू. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी हे तरुणपणी सँडोचे निष्ठावंत वाचक होते. त्याची साधने मागवून त्यांनी सुमारे दहा वर्षे नेमाने त्या पद्धतीचा व्यायाम केला. पुढे मिरजेच्या राजेसाहेबांच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्काराकडे वळले, आणि मग आयुष्यभर त्यांनी दुसरे काही सांगितले नाही. नमस्कार आपल्याकडे पूर्वीपासून होतेच. रामदासी परंपरेत त्यांचे महत्त्व फार. राजेसाहेबांनी त्यांना बांधीव क्रम दिला, छायाचित्रे दिली, बीजमंत्रांची जोड दिली, संस्थानच्या शाळांत ते सक्तीचे केले आणि त्यांवर पुस्तके लिहिली. इंग्रजी पुस्तक १९२८ साली निघाले. पुढे लुईझ मॉर्गन या पत्रकर्तीने त्यांची भेट घेऊन हा विषय वृत्तपत्रातून मांडला, आणि १९३८ साली ‘दि टेन-पॉइंट वे टु हेल्थ’ या नावाने तो विलायतेतील वाचकांपुढे ग्रंथरूपाने गेला.

राजेसाहेब काही धंदेवाईक मल्ल नव्हते. पण माझ्या मते त्यांच्या पुस्तकाचे बळ त्यातच आहे. सँडो हा दाखविणारा होता. हे दहा वर्षे वाचणारे होते. साधनांस पैसे पडतात, जागा लागते, बायकामुलांना ती वापरता येत नाहीत, या अडचणी ज्याने पुस्तक उघडे ठेवून व्यायाम केला त्यालाच कळणार. नमस्कारास सहा-सात फूट जमीन पुरते. सँडो अठ्ठावन्नाव्या वर्षी वारला आणि राजेसाहेब १९५१ साली ब्याऐंशीचे होऊन गेले. आयुर्मानावरून पद्धतींचा निवाडा करणे न्याय्य नव्हे, तरी हे आकडे मनात आल्यावाचून राहत नाहीत. आमच्या गोमती नगरातील जनेश्वर मिश्र उद्यानात पहाटे नमस्कार घालणारे पुष्कळ दिसतात. त्यांच्यापैकी किती जणांनी औंधचे नाव ऐकले असेल?

या प्रांताचा संबंध आणखीही एका वाटेने येतो. बडोद्यास जुम्मादादांच्या आखाड्यात प्रोफेसर माणिकरावांनी शेकडो मुलांनी एका हुकुमावर करावयाचा संघव्यायाम बसविला. त्यांचे शिष्य जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले. त्यांनी तीच हुकुमाची शिस्त योगासनांस लावली, आणि १९३०–४० च्या दशकात संयुक्त प्रांतातील शाळांत त्यांचा यौगिक व्यायाम शिकविला जाऊ लागला. येथे पुस्तक पुन्हा शिक्षकाच्या हाती गेले.

आणि तालमीतील विद्येचे काय? ती अखेर लिहिली गेली, तीही महाराष्ट्राबाहेर. बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी संपादिलेला ‘व्यायाम ज्ञानकोश’ १९३६ पासून दहा खंडांत निघाला. कुस्ती, मल्लखांब, लाठी, जोर, बैठका, जे वस्तादांनी मुठीत ठेवले होते ते मराठीत आले. खंड निघत असतानाच १९४८ मध्ये औंध संस्थान विलीन झाले. दहावा खंड १९४९ चा. त्याच वर्षी बडोदे संस्थानही मुंबई राज्यात गेले, आणि पुढल्या वर्षी मुजुमदारांनी त्या साऱ्याचे सार एका इंग्रजी ग्रंथात आणले.