खड्डा कुणाचा? एका मोडक्या पुलापासून मुंबईपर्यंत

आजचा भाग रस्त्यांवर आहे, पण टेंडर आणि डांबराची चर्चा आज नाही करायची. आजचा प्रश्न साधा आहे. रस्ता खराब होता म्हणून अपघात झाला, तर भरपाई कुणाकडे मागायची? समोरच्या गाडीवाल्याची चूक असेल तर उत्तर आपल्याला माहीत आहे. त्याचा विमा असतो, मोटार अपघात दावा न्यायाधिकरण असतं. पण समोर गाडीच नाहीये, नुसता खड्डा आहे. मग?

या प्रश्नाचा इतिहास शोधायला गेलं की आपण पोचतो १७८८ च्या इंग्लंडमध्ये, डेव्हन काउंटीतल्या एका नादुरुस्त पुलावर. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा समजा. तर झालं असं, की रसेल नावाच्या माणसाच्या मालगाडीचं त्या पुलामुळे नुकसान झालं. गाडी अर्थातच जनावरं ओढायची ती. पूल धड ठेवायची जबाबदारी काउंटीची, यावर वाद नव्हता. म्हणून रसेलने दावा ठोकला. पण कुणावर? आजच्या जिल्हा परिषदेसारखी कुठली संस्थाच तेव्हा नव्हती. म्हणून त्याने दावा लावला थेट ‘डेव्हनमध्ये राहणाऱ्या माणसां’वर. म्हणजे अख्ख्या जिल्ह्यावर! त्यातले दोघे कोर्टात हजर झाले आणि म्हणाले, असा दावा कायद्यात बसतच नाही.

कोर्टाने त्यांचं ऐकलं. लॉर्ड केन्यन तेव्हा मुख्य न्यायाधीश होते. कोर्टाचं म्हणणं असं, की काउंटी ही कायद्याच्या नजरेत ‘व्यक्ती’ नाही, तिच्याकडे सामाईक निधी नाही आणि एकाला पैसे दिले की दाव्यांची रांगच लागेल. न्यायमूर्ती ॲशहर्स्ट तर पुढे जाऊन म्हणाले, की सगळ्या जनतेची गैरसोय होण्यापेक्षा एकट्याने नुकसान सोसलेलं बरं.

आज हे ऐकताना राग येतो. पण त्या काळी रस्ते कसे सांभाळले जायचे ते बघा. १५५५ च्या कायद्याप्रमाणे गावकऱ्यांनी वर्षातून चार दिवस रस्त्यावर फुकट राबायचं, काही वर्षांतच त्याचे सहा दिवस झाले. रस्ता अगदीच वाईट असेल तर गावावर फौजदारी खटला भरून दंड करता यायचा. पण ज्याचा पाय मोडला त्याच्या हातात काहीच पडायचं नाही. सरकारी खातं नाही, बजेट नाही, मग पैसे देणार कोण? निकालामागे थोडं तरी तर्कशास्त्र होतं.

खरी गोची पुढे झाली. १८३५ मध्ये ही फुकटची मजुरी बंद झाली. हळूहळू रस्त्यांसाठी मंडळं आली, मग काउंटी कौन्सिलं आली, कर आले, तिजोऱ्या आल्या. म्हणजे ज्या कारणासाठी दावा फेटाळला होता ते कारण संपलं, पण नियम तसाच राहिला. उलट कोर्टांनी त्यातून एक अजब फरक पक्का केला. रस्त्याच्या खात्याने काही चुकीचं ‘केलं’ तर ते जबाबदार, पण काहीच ‘केलं नाही’ तर जबाबदार नाही. म्हणजे कामगारांनी चर खणला आणि रात्री त्यावर दिवा लावला नाही, तर भरपाई द्या. पण पावसाने पडलेला खड्डा वर्षानुवर्षं तसाच ठेवला, तर भरपाई शून्य. यातून खात्याने काय शिकायचं? हात लावलात तर अडकाल, बघत बसलात तर सुटाल.

घोडे गेले, मोटारी आल्या, वेग कितीतरी वाढला, तरी इंग्लंडमध्ये हा नियम चालूच होता. तो संसदेने रद्द केला १९६१ च्या कायद्याने, आणि तो लागू झाला १९६४ मध्ये. रसेलचा दावा फेटाळल्यापासून पावणेदोनशे वर्षं होऊन गेली होती.

त्यानंतर लढाईचा मुद्दाच बदलला. आता खात्याला सिद्ध करावं लागतं की आम्ही वाजवी काळजी घेतली होती. आणि कोर्ट विचारतं, की धोका तुम्हाला माहीत होता का, किंवा माहीत असायला हवा होता का? त्यामुळे रस्त्याची पाहणी कधी केली, कुणी केली, काय दिसलं, याची नोंदवही हा सगळ्यात मोठा पुरावा झाला. तरी शब्दांत माणसं अडकतातच. २००० मध्ये ईस्ट ससेक्सच्या एका प्रकरणात, बर्फावरून गाडी घसरून चालक कायमचा अपंग झाला होता. हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितलं, की कायद्यातली देखभाल म्हणजे रस्त्याच्या बांधणीची, त्यावर साचलेल्या बर्फाची नाही. मग २००३ मध्ये संसदेला बर्फासाठी वेगळं कलम घालावं लागलं.

‘माहीत होतं का’ हा प्रश्न किती टोकाला जाऊ शकतो, ते न्यूयॉर्कमध्ये दिसलं. १९७९ मध्ये तिथे नियम झाला, की खड्ड्याची लेखी सूचना आधी मिळालेली असेल आणि १५ दिवसांत दुरुस्ती झाली नसेल, तरच शहर जबाबदार. आमच्या भाषेत सांगायचं तर आधी तिकीट टाकलेलं नसेल तर बग अस्तित्वातच नाही! पण जो माणूस पडणार आहे, तो आधी पत्र कसं लिहिणार? मग वकिलांच्या संघटनेने १९८२ मध्ये एक संस्थाच काढली. तिची माणसं शहरभर फिरून फुटपाथ-रस्त्यांवरचे दोष नकाशांवर खुणांनी नोंदवायची आणि ते नकाशे महापालिकेला देऊन टाकायची. झाली लेखी सूचना! पुढे कितीतरी खटल्यांत वाद एवढाच, की नकाशावरची ती बारीक खूण नेमकी कुठल्या दोषाची आहे.

आता आपल्याकडे या. दुचाकीवाला एकटाच खड्ड्यात पडून गेला, तर न्यायाधिकरणात उभं करायला दुसरी गाडीच नसते. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९८-अ कलम आलं. रस्त्याच्या रचनेत किंवा देखभालीत सुरक्षेचे निकष पाळले नाहीत आणि त्यातून कुणी दगावलं किंवा अपंग झालं, तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड. पण हा दंड सरकारी निधीत जातो, घरच्यांना नाही. आठवलं ना, १७८८ च्या आधीची ती गावावरची दंडाची पद्धत?

म्हणून ऑक्टोबर २०२५ मधला मुंबई उच्च न्यायालयाचा आदेश मला महत्त्वाचा वाटतो. खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख, जखमींना दुखापतीप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख. हे पैसे देण्यासाठी समित्या, आणि नंतर जबाबदार अधिकारी किंवा ठेकेदारांकडून वसुली. सुरक्षित रस्ता हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हा त्यामागचा आधार.

एका जिवाची किंमत ६ लाख का, यावर भांडता येईल, भांडायलाही हवं. पण निदान दार उघडलंय. तेव्हा एवढं लक्षात ठेवा: अपघात झाला तर जखमीला आधी दवाखान्यात न्या, पण कुणीतरी खड्ड्याचा फोटो काढा, जागा आणि वेळ लिहून ठेवा, पंचनाम्यात रस्त्याचा उल्लेख आहे का ते बघा. कारण खड्डा चार दिवसांत बुजवला जातो, आणि मग तो होता हे तुम्हालाच सिद्ध करावं लागतं.

तुमच्या भागात कुणी असा अर्ज केला असेल तर अनुभव नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात. गाडी जपून चालवा!