ऑर्कनी : अंतर आणि अवधी

स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी द्वीपसमूहात वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे ही दोन बेटे आहेत. त्यांच्या विमानतळांमधील अंतर अवघे 2.7 किलोमीटर, एडिनबरा विमानतळाची धावपट्टीही जवळपास तेवढीच लांब. वेळापत्रकात या उड्डाणाला दोन मिनिटे दिली जात. वारा अनुकूल असता स्टुअर्ट लिंकलेटर या वैमानिकाने ते 53 सेकंदांत पूर्ण केल्याची नोंद आहे. जगातील सर्वांत छोटी नियमित विमानसेवा म्हणून तिचे कौतुक होते आणि बहुतेकांचे कुतूहल तेथेच थांबते. आम्हांला मात्र या विक्रमापेक्षा त्यामागचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो : अंतर मोजायचे ते कशाने, मैलांनी की वेळेने?

मराठीला हा प्रश्न अपरिचित नाही. ‘मजल’ म्हणजे मुळात एका दिवसाची वाटचाल. घाटातली मजल आखूड, सपाटीवरची लांब, शब्द तोच. ऑर्कनीत ही मजल शतकानुशतके वारा आणि भरती-ओहोटी ठरवीत आली. आजही या दोन बेटांमधली सामुद्रधुनी होडीने ओलांडायला साधारण 25 मिनिटे लागतात, तीही समुद्र शांत असेल तर.

कॅप्टन अर्नेस्ट फ्रेसन यांनी 1933 साली इन्व्हर्नेस ते कर्कवॉल अशी विमानसेवा सुरू केली. 29 मे 1934 रोजी याच मार्गावर ब्रिटनमधील पहिली नियमित अंतर्देशीय हवाई टपालसेवा निघाली. हा मान लंडन-मँचेस्टरसारख्या मार्गाला मिळाला नाही, यात नवल नाही. जेथे आगगाडी वेगाने धावते तेथे विमानाची निकड कोणाला? निकड होती ती बेटांना. लोगनएअरची वेस्ट्रे-पापा वेस्ट्रे फेरी 1967 पासूनची. आखूड धावपट्टीवर उतरू शकणारे ‘आयलँडर’ हे लहानसे विमान शिक्षक, डॉक्टर, रुग्ण यांची ने-आण करीत आले. 2001 च्या जनगणनेत पापा वेस्ट्रेची लोकसंख्या 65 होती, 2011 मध्ये ती 90 झाली. हौशी प्रवाशांना जो गमतीचा विक्रम वाटतो, तो एवढ्याशा वस्तीला शाळा-दवाखान्याशी जोडणारा धागा आहे.

पण अवधी आटला म्हणजे अंतर आटते का? ऑर्कनीत 1887 साली जन्मलेला कवी एडविन म्युअर येथे आठवतो. 1901 मध्ये त्याचे शेतकरी कुटुंब ग्लासगोला गेले. प्रवास दोन दिवसांचा. पण त्या दोन दिवसांत आपण दीडशे वर्षे ओलांडली, औद्योगिक क्रांतीच्या आधीच्या जगातून थेट विसाव्या शतकात येऊन पडलो, असे त्याने पुढे लिहून ठेवले. काही वर्षांतच त्याचे आईवडील आणि दोन भाऊ त्या शहरात मरण पावले. म्युअरचे हे गणित आम्ही अलंकार म्हणून वाचीत नाही. ते स्थलांतराच्या किमतीचे मोजमाप आहे आणि कोकणातून गिरणगावात आलेल्या माणसांच्या कथा शिकवताना ते हाताशी असावे.

पापा वेस्ट्रेच्या किनाऱ्यावर ‘नॅप ऑफ हॉवर’ हे दगडी घर उभे आहे. इ. स. पू. 3700 च्या सुमाराचे, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडांहून हजारभर वर्षांनी जुने. त्या काळी समुद्राची पातळी खाली होती आणि ही दोन बेटे बहुधा एकच असावीत, असा अभ्यासकांचा कयास आहे. तसे असेल तर त्या घरातली माणसे वेस्ट्रेला पायीच जात असणार.