मुळा-मुठेच्या माशांची खानेसुमारी

सन १८१८ मध्ये पेशवाईचा अंमल संपून दख्खनचा मुलूख कंपनी सरकारच्या हाती आला, तेव्हा नव्या राज्यकर्त्यांना पहिली निकड भासली ती फौजेची नव्हे, माहितीची. जमीन किती, कुळे किती, मिरासदार कोण नि उपरी कोण, याचा छडा लागल्यावाचून जमाबंदी बसत नव्हती. या कामी गव्हर्नर एल्फिन्स्टन याने १८२४ साली विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याची नेमणूक केली. साइक्सची जिज्ञासा मात्र महसुलाच्या चौकटीत मावणारी नव्हती. ज्या चिकाटीने त्याने गावोगावच्या जमीनधाऱ्याची टिपणे केली, त्याच चिकाटीने त्याने दख्खनचे पक्षी टिपले आणि अखेरीस भीमेच्या खोऱ्यातील मासेही आपल्या दप्तरात दाखल केले.

विलायतेस परतल्यावर या माशांविषयीचा निबंध त्याने लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळापुढे मांडला आणि तो १८३९ व १८४१ साली छापून निघाला. त्यात नव्या जातींना नावे देताना त्याने बहुतेक ठिकाणी लॅटिनचा मोह टाळून इथल्याच लोकांच्या तोंडचे शब्द उचलले. म्हणूनच खुद्री, कोळस, ताकरी, शिंगाळा, अलकुटी ही नावे, लॅटिन प्रत्ययांचा फारसा साज न चढवता, आज जगभरच्या मत्स्यशास्त्राच्या ग्रंथांत नांदत आहेत. पाग टाकून पोट भरणाऱ्या ज्या माणसांच्या बोलीतून ती आली, त्यांची नावे मात्र कोणत्याही यादीत चढली नाहीत.

तथापि खानेसुमारीत घरे मोजली जातात, घरातील धान्य नव्हे. तद्वतच साइक्सच्या यादीवरून नदीत कोण राहते ते कळते, किती राहते ते कळत नाही. हा दुसरा प्रश्न सरकारला पडण्यास आणखी पिढी-दीड पिढी जावी लागली. फ्रान्सिस डे या मत्स्यतज्ज्ञाने गोड्या पाण्यातील मासेमारीवर १८७३ साली जो अहवाल सादर केला, त्यासाठी ठिकठिकाणच्या तहसीलदार-मामलेदारांकडून मासे वाढले की घटले, जाळ्याचे डोळे केवढे असतात, अशा कैफियती मागविल्या होत्या. पुढे १८९७ च्या कायद्याने पाण्यात सुरुंग लावून अथवा विष कालवून मासे मारण्यास बंदी झाली. चौकशी झाली, कायदा झाला. तथापि ‘घटले’ या शब्दामागे वजनमाप नव्हते, केवळ स्मरण होते.

पाण्याखालची रयत मोजण्याची युक्ती निघाली ती दूर डेन्मार्कमध्ये. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात पीटरसन या शास्त्रज्ञाने मासे खुणा करून सोडण्याचा उपक्रम केला. पुढच्या पकडीत खुणेचे किती नि बिनखुणेचे किती, या प्रमाणावरून डोहातील एकंदर संख्येचा अंदाज बांधता येतो, आणि त्या संख्येस सरासरी वजनाने गुणले म्हणजे ज्याला आज जैवभार म्हणतात तो हाती येतो. एका हेक्टर पाण्यात किती किलो मासा पोसला जातो, हा आकडा त्या पाण्याची नाडी होय.

परंतु नाडी एकटी फसवते, हे पुण्याच्या मुळा-मुठेने शिकविले. मुठेवर १८७९ साली खडकवासल्याचा बांध पुरा झाला नि प्रवाहाची मोकळीक गेली. शहर वाढत गेले तसे त्याचे सांडपाणी पात्रात उतरले. आणि १९५२ साली भारतात आणलेला तिलापिया कालांतराने इथल्या पाण्यातही शिरला. फ्रेझर या अभ्यासकाने १९४२ साली पुण्याच्या माशांची जी यादी प्रसिद्ध केली, तिच्यातील अनेक जाती पुढच्या संशोधकांना शहराच्या पात्रात आढळल्या नाहीत. अशा पाण्यात कोणी पाग टाकलाच, तर तो रिकामा येईल असे नाही. तिलापिया भरपूर लागेल, वजनही भरेल. जैवभाराचा आकडा समाधानकारक आणि नदी आजारी, असा हा विपरीत योग आहे. नुसती यादी मुकी असते आणि नुसते वजन खोटी साक्ष देते. दोन्ही दप्तरे शेजारी ठेवून वाचली तरच पाण्याची खरी प्रकृती समजते.

खुद्रीचेच उदाहरण घ्यावे. साइक्सने पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेत पाहून नोंदविलेला हा महसीर इथला अस्सल मिरासदार. पुण्याच्या पात्रातून तो हद्दपार झाला. टाटांच्या वीज कंपनीने लोणावळ्यास १९७० नंतर त्याची पैदास करून पिल्ले दूरदूरच्या पाण्यांत सोडली, ती अर्थात सद्धेतूनेच. त्यांतील काही कावेरीत गेली, तेथे फोफावली, आणि तिथला जो मूळचा कुबडा महसीर, त्याच्या ऱ्हासाच्या कारणांत आज अभ्यासक याच पाहुण्याची गणना करतात. आपल्या वतनावरून उठलेला मिरासदार परमुलखात उपरी म्हणून गेला आणि तिथल्या मिरासदाराचे वतन दाबून बसला. जमीनधाऱ्याचे टिपण करणाऱ्या साइक्सला हा व्यवहार अपरिचित वाटला नसता.

जुन्या जमाबंदीत ओसाड पडलेल्या गावापुढे कारकून ‘बेचिराख’ असा शेरा मारीत असे. गावाचे नाव खोडले जात नसे. न जाणो, पुढेमागे वस्ती परत येईल, वसूल सुरू होईल. खुद्रीच्या मूळ ठिकाणापुढे मत्स्यशास्त्राच्या ग्रंथांत आजही पुण्याचे नाव लिहिलेले आहे.